जेट बदलणे (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे माप ठरवणारे, नेमक्या मापाचे छिद्र असलेले छोटे पितळी भाग म्हणजे जेट. इंजिनात फेरफार झाला, गाडी उंचावर नेली किंवा इंधनच बदलले, की जेट काढून दुसऱ्या मापाचे बसवावे लागतात आणि त्यांच्या जोडीने नीडल व एअर स्क्रूही जुळवावा लागतो. गॅरेजमध्ये या साऱ्याला ‘कार्ब्युरेटर ट्यून करणे’ म्हणतात. पुष्कळदा त्या नावाखाली नुसता आयडलिंगचा (मूठ सोडल्यावर इंजिन चालू ठेवणारा) स्क्रू पिळून रेस वाढवून दिली जाते. त्याचा जेटशी काही संबंध नसतो.

इंजिन हवा ओढते तेव्हा ती कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि तिथला दाब उतरतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतोच, त्यामुळे ते जेटमधून वर चढून हवेत फवारले जाते. वाटीतली पातळी पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट सांभाळतो. पेट्रोल पुरते जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर हे प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास ठेवतात. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण ‘रिच’, कमी पडले की ‘लीन’.

कोणत्या भागाला हात घालायचा हे अ‍ॅक्सिलरेटरची मूठ किती पिळलेली असताना गाडी बिघडते यावरून ठरते, वेगावरून नव्हे. बहुतेकांची गफलत इथेच होते. यामाहा आरएक्स १०० सारख्या गाड्यांवर असलेला मिकुनी या जपानी कंपनीचा व्हीएम मालिकेतला कार्ब्युरेटर घेतला, तर मुठीचा पहिला आठवा हिस्सा पायलट जेट आणि एअर स्क्रूच्या ताब्यात असतो. पुढे पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेच्या, तळाच्या तिरक्या कापाचा अंमल, पावपासून पाऊणपर्यंत नीडलचा आणि त्यापुढे मेन जेटचा. या सीमा एकमेकींत मिसळतात, पण निदानाला एवढे पुरते. नवख्याने मुठीवर एक रेघ आणि शेजारच्या स्विचच्या खोक्यावर चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा कराव्यात. चढावर गाडी खोकली की रेघ कुठल्या खुणेशी आहे ते पाहायचे. अर्ध्या मुठीला मिसिंग असताना मेन जेट बदलत बसणाऱ्यांचे कित्येक रविवार या पट्टीने वाचले असते.

नीडल ही स्लाइडला लटकणारी निमुळती सळई. तिच्या डोक्याशी बहुधा पाच खाचा असतात आणि त्यांपैकी एकीत क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते. ऐकायला हे उलटे वाटते, म्हणूनच चुकते. एअर स्क्रूचेही तसेच. व्हीएममध्ये हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो व हवा अडवतो, त्यामुळे आवळला की मिश्रण रिच. पुढच्या काळातल्या, रबरी पडद्याने (डायफ्रॅमने) स्लाइड उचलणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये तो इंजिनाच्या बाजूला असतो आणि पेट्रोल अडवतो. तिथे आवळला की लीन. इंजिन गरम झाल्यावर स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवून फेरे मोजत सोडायचा. व्हीएमवर सर्वांत चांगले आयडलिंग एक ते दोन फेऱ्यांत मिळायला हवे. एका फेऱ्याच्या आतच मिळत असेल तर पायलट जेट लहान पडतो, अडीच फेरे सोडावे लागत असतील तर मोठा होतो.

मेन जेटची परीक्षा पूर्ण मुठीवर होते. मूठ किंचित सोडताच गाडी जास्त ओढू लागली तर मिश्रण लीन आहे. स्पार्क प्लगही सांगतो : बिस्किटी रंग ठीक, कोरडी काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन. मात्र मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मुठीतच इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवली, तरच ही खूण मेन जेटची. आयडलिंगवर घरी आणून काढलेला प्लग पायलट जेटची हकीकत सांगतो.

जेटवरच्या नंबरांचा घोळ वेगळाच. केहिन या दुसऱ्या जपानी कंपनीच्या जेटवरचा १०० म्हणजे सुमारे १.०० मिलिमीटर व्यासाचे छिद्र. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरचा आकडा प्रवाहावरून दिलेला असतो. त्यामुळे एकाचा १०० दुसऱ्याच्या १०० च्या जागी चालत नाही. व्यासाच्या नंबरात १०० वरून १०५ वर गेले की छिद्राचे क्षेत्रफळ पाच नव्हे, दहा टक्क्यांनी वाढते. एका वेळी एकच पायरी बदलावी, ती यासाठी.

काम तसे अर्ध्या तासाचे. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, वाटीतले पेट्रोल काढून घ्यायचे, वाटी उतरवली की मधोमध मेन जेट आणि शेजारी खोलात पायलट जेट दिसतो. पितळ मऊ असते. खाचेत नेमका न बसणारा स्क्रूड्रायव्हर लावला की खाच उधळते आणि जेट आत अडकतो. पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. उजेडापुढे धरल्यावर त्यातून गोल ठिपका दिसायला हवा, चंद्रकोर दिसली तर कडेला पेट्रोलचा राळेसारखा थर बसलेला असतो. तो साफ करायला दाबाची हवा किंवा विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार चालते, क्लच केबलची पोलादी तार नव्हे. काल नीट असलेली गाडी एका रात्रीत बिघडली असेल, तर जेटचे माप चुकलेले नसते. कचरा, बुजलेला फिल्टर किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या इनटेकच्या रबराला गेलेला तडा आधी पाहावा.

उंचीवर हवा विरळ होते, पण जेट त्या मानाने पेट्रोल कमी करत नाही. मिश्रण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात रिच होते. सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला हा फरक सात टक्क्यांच्या आसपास असतो व जाणवलाच तर थोडा जाणवतो. पाच हजार मीटरच्या पुढे असलेल्या लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीत तो तीस टक्क्यांवर जातो. काळा धूर निघतो आणि मेन जेट लहान केल्यावाचून गाडी ओढत नाही. खाली उतरताना मूळ जेट परत घालायला विसरायचे नाही. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल नेमके उलटे वागते. त्याला १३.५ च्या आसपासच हवा लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होते. असे पेट्रोल भरून महाबळेश्वरला पोचलेल्या जुन्या गाडीत दोन्ही चुका एकमेकींना जवळपास फेडतात. पुन्हा पुण्यात आली की दुखणे परत.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले आणि नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शनने घेतली. जेटचे काम आता जुन्या गाड्यांपुरते उरले आहे आणि या गाड्यांना अ‍ॅव्हरेजच्या हव्यासाचा इतिहास असतो. ‘अ‍ॅव्हरेज वाढवून द्या’ म्हटले की लहान मेन जेट टाकून देण्याची रीत होती. दोन-चार किलोमीटर वाढतात, पण लीन मिश्रणाने इंजिन तापते. टू-स्ट्रोकमध्ये तर लांबच्या पल्ल्यात पिस्टन जॅम होतो, कारण तेल पेट्रोलमध्ये मिसळून घालायच्या गाड्यांत तेही पेट्रोलबरोबरच येते आणि मूठ पूर्ण असताना दोन्हींची गरज सर्वांत जास्त असते. याउलट पिकअपसाठी छिद्र कोरून मोठे केलेले जेटही निघतात, वरचा नंबर मात्र जुनाच. म्हणून सेकंडहँड गाडी घेतल्यावर जाणकार आतल्या नंबरावर विसंबत नाहीत. कंपनीच्या मापाचे नवे जेट घालून तिथून मोजायला सुरुवात करतात.