पोतदार ते पाचशेची नोट : खरा पैसा ओळखण्यामागचा इतिहास

फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक सुरू झाली की सांगलीच्या मार्केट यार्डात उलाढाल एकदम वाढते. शेतकऱ्याच्या मालाचे पैसे आता बहुतेक वेळा बँकेत जमा होतात. पण ट्रकची वाराई, टेम्पोचं भाडं, बेदाणा निवडणाऱ्या बायकांची मजुरी, गणपती पेठेतली किरकोळ खरेदी, हे सगळं अजून बरंचसं रोखीतच चालतं. संध्याकाळी ही रोकड दुकानाच्या गल्ल्यातून बँकेच्या भरण्याला जाते आणि तिथलं मशीन एखादी पाचशेची नोट बाजूला टाकतं. पाचशे रुपये तिथेच बुडतात. बँक त्याची भरपाई देत नाही, नोट देणारा केव्हाच निघून गेलेला असतो, आणि पुष्कळ दुकानांत ती रक्कम गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाच्या पगारातून कापून घेतात. त्याला मात्र नोट कशी बघायची हे कुणी कधी शिकवलेलं नसतं.

खऱ्या नोटेच्या खुणांचे तक्ते बँकेच्या भिंतीवर लावलेले असतात. पण डझनभर खुणांची यादी गिऱ्हाइकांच्या गर्दीत आठवत नाही. प्रत्येक खूण कुठल्या ना कुठल्या फसवणुकीला उत्तर म्हणून नोटेवर आली आहे. ती का आली हे एकदा समजलं की ती डोक्यात पक्की बसते, आणि घाईच्या वेळी कुठे आधी बघायचं हेही सुचतं.

पैसा पारखणं हे आपल्या भागात पूर्वी मानाचं काम होतं. मराठेशाहीत सरकारी खजिन्यावर पोतदार असे. वसुलीत आलेलं नाणं खरं की खोटं, त्यात धातू पुरता आहे की कमी, हे ठरवणं त्याच्याकडे. गावातही साऱ्याची नाणी पारखायला पोतदार असे आणि तो बहुधा सोनार असे. एकाच वेळी निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारात चालत. त्यांचं वजन वेगळं, कस वेगळा. त्यामुळे कुठल्या रुपयावर किती बट्टा, म्हणजे वजावट, धरायचा हेही त्यालाच बघावं लागे. नाणं दगडावर टाकून त्याचा आवाज ऐकायचा, काट्यावर तोलायचं, कसोटीवर घासून रेघेचा रंग बघायचा, आणि तरीही मन धजावलं नाही तर कडेला छिन्नी मारून आत तांबं आहे का ते पाहायचं. पारखलेल्या रुपयावर सराफ आपली बारीक खूण ठोकत. जुन्या चांदीच्या रुपयांवर अशा तीन-चार खुणा एकमेकींशेजारी दिसतात. एकाने पारखलेला रुपया दुसऱ्यानेही पारखून घेतला, एवढं त्यावरून सहज कळतं. खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर देशभरातल्या शहरांत सोनं-चांदी गाळून शुद्ध करतात. धातूचा कस ओळखणारी माणसं या जिल्ह्यात आजही आहेत.

कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा एकच रुपया ठरवला. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं. हळूहळू जुने रुपये मागे पडले आणि बट्ट्याचा हिशेबही मागे पडला. पोतदाराची खरी अडचण पुढे कागदाने केली, कारण कागद वाजवून बघता येत नाही आणि तोलूनही काही कळत नाही.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचं चित्र होतं. इंग्लंडमध्ये हाताने बनवलेला कागद, त्यात वॉटरमार्क, छापील सही आणि क्रमांक, एवढ्यावर भिस्त होती. ती फार दिवस टिकली नाही. या नोटांच्या नकला इतक्या निघाल्या की त्या मागे घ्याव्या लागल्या, आणि १८६७ पासून मजकुराखाली रंगीत नक्षी असलेल्या नोटा आल्या. पहिल्याच मालिकेची ही गत झाली. नोट बदलायची, नकलाकारांनी तिला गाठायचं, मग पुन्हा बदलायची, हा क्रम तेव्हापासून चालू आहे.

वॉटरमार्क मात्र तेव्हापासून आजतागायत टिकला. तो छापलेला नसतो. कागदाचा लगदा ओला असतानाच काही जागी थर पातळ ठेवतात, काही जागी जाड, आणि वाळल्यावर उजेडात धरलं की त्यातून गडद-फिक्या छटांचं चित्र उमटतं. आजच्या नोटेत तिथे गांधीजींचा चेहरा आहे आणि शेजारी नोटेची किंमत. नोट टेबलावर सपाट ठेवली तर ती जागा जवळजवळ कोरी दिसली पाहिजे. बनावट नोटेत हे चित्र बहुधा फिक्या शाईने किंवा मेणचट पदार्थाने काढलेलं असतं. ते उजेडाशिवायही दिसतं, आणि त्याच्या कडा रेखल्यासारख्या ठळक असतात. खऱ्या वॉटरमार्कमध्ये गालाची सावली हळूहळू विरत जाते.

सामान्य माणसाच्या हातात कागदी पैसा खऱ्या अर्थाने आला तो पहिल्या महायुद्धात. चांदीची टंचाई झाली म्हणून नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट निघाली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही निघाली. १९२८ मध्ये नाशिकला नोटा छापायला सुरुवात झाली. रिझर्व्ह बँक १९३५ ची, आणि तिची पहिली नोट १९३८ मधली, पाच रुपयांची.

नोटेतली तार दुसऱ्या महायुद्धात आली. जपानने भारतीय नोटांच्या, मुख्यतः दहा रुपयांच्या, अत्यंत सफाईदार नकला केल्या होत्या. हे काम एखाद्या चोराचं नव्हतं, त्यामागे एक शत्रुराष्ट्र उभं होतं. म्हणून वॉटरमार्क बदलला, राजाचा बाजूने दिसणारा चेहरा काढून समोरून दिसणारा घेतला, आणि भारतात पहिल्यांदाच कागदात सुरक्षा तार घातली. तारही कागद तयार होतानाच आत जाते, वरून चिकटवलेली नसते. आजच्या पाचशेच्या नोटेवर ती तुकड्यातुकड्यांनी वर आलेली दिसते, पण नोट उजेडात धरली की वरपासून खालपर्यंत सलग रेघ दिसते. बनावट नोटेत चकचकीत पट्टीचे तुकडे वरून चिकटवलेले असतील तर उजेडात ते तुकडेच राहतात. माझ्या मते काउंटरवर बसणाऱ्याने एकच खूण शिकायची ठरवली, तर ती हीच शिकावी.

पुढची मोठी उडी १९९६ ची. रंगीत झेरॉक्स आणि स्कॅनर आले, आणि नोट जशीच्या तशी कागदावर उतरवणं सोपं झालं. महात्मा गांधी मालिकेच्या नोटा त्यासाठीच काढल्या. त्यांत दिसणारी-लपणारी तार आली, तिरप्या कोनातून बघितल्यावरच दिसणारा आकडा आला, अंध व्यक्तींसाठी बोटाला लागणारी खूण आली. २००० च्या सुमारास मोठ्या नोटांवरच्या आकड्याला रंग बदलणारी शाई मिळाली आणि २००५ पासून मागच्या बाजूला छपाईचं वर्ष येऊ लागलं. या सगळ्यांमागे विचार एकच होता. झेरॉक्स मशीन नोट एकाच कोनातून, सपाट बघतं. म्हणून जे नोट हलवल्यावर, तिरपी केल्यावर किंवा बोट फिरवल्यावरच कळेल, ते मशीनच्या हाती लागत नाही.

पाचशेची आजची नोट २०१६ ची. ८ नोव्हेंबर २०१६ ला जुन्या पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. बनावट नोटांना आळा घालणं हे त्यामागच्या जाहीर कारणांपैकी एक होतं. पण नवी नोट कुणी नीट पाहिलेलीच नसल्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत साध्या रंगीत झेरॉक्सही खपल्याच्या बातम्या आल्या. नोटेत कितीही खुणा घातल्या तरी ती घेणाऱ्याच्या ओळखीची नसेल तर त्या असून नसल्यासारख्याच. २०१६-१७ मध्ये बँकिंग व्यवस्थेत सुमारे ७ लाख ६२ हजार बनावट नोटा सापडल्या होत्या. २०२४-२५ मध्ये हा आकडा २ लाख १७ हजारांच्या आसपास आला. पण दोन हजारची नोट मे २०२३ पासून चलनातून मागे घेतल्यावर पाचशेचीच नोट सगळ्यांत मोठी उरली आहे, आणि नकला करणाऱ्यांचं लक्षही तिच्यावरच आहे.

आता ती नोट हातात घेऊ. आकार ६६ × १५० मिलिमीटर, रंग करडा, मागे लाल किल्ला. कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाचा असतो, म्हणून तो करकरीत लागतो आणि चुरगळला तरी फाटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या पेठांत शिरलं, तेव्हाच्या भिजलेल्या रोकडीबाबतही हेच लागू होतं. खरी नोट वाळवून पुन्हा वापरता येते. घरगुती प्रिंटरवर काढलेल्या नोटेचा रंग पाण्याने पसरतो आणि कागद लिबलिबीत होतो.

मग डाव्या-उजव्या कडांवरून अंगठा फिरवायचा. तिथे तिरप्या पाच रेघा आहेत. उजवीकडे अशोकस्तंभाच्या वर एक गोल आहे. रेघा, गोल, अशोकस्तंभ आणि गांधीजींचं चित्र, हे सगळं बोटाला उंच लागतं, कारण कोरलेल्या पत्र्यावरून प्रचंड दाबाने शाई कागदावर बसवलेली असते. शंभरच्या नोटेवर रेघा चार आणि खूण त्रिकोणाची. दोनशेच्या नोटेवरही रेघा चारच, पण मध्ये दोन बारीक वर्तुळं. जुन्या, मळलेल्या नोटेवर हा उठाव झिजतो. त्यामुळे फक्त बोटावर विसंबून खरी नोट नाकारू नये. नंतर नोट तिरपी करायची. तार आणि खाली उजवीकडचा रुपयाच्या चिन्हासकट ५०० हा आकडा, दोन्ही हिरव्याचे निळे होतात. क्रमांकाचे आकडे डावीकडून उजवीकडे लहानाचे मोठे होत जातात. एकाच गड्डीत दोन नोटांवर तोच क्रमांक आला, तर पुढे तपासायचं काही उरत नाही.

दुकानात निळ्या उजेडाचा (अल्ट्राव्हायोलेट) दिवा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खऱ्या नोटेचा कागद त्या उजेडात अंधाराच राहतो. त्यातले बारीक धागे आणि क्रमांक तेवढे चमकतात. साधा झेरॉक्सचा कागद पांढरा-निळा उजळतो, कारण त्यात शुभ्रता आणणारं रसायन असतं. तेच रसायन कपडे धुण्याच्या पावडरमध्येही असतं. म्हणून खिशात राहून धुण्यात गेलेली खरी नोटही दिव्याखाली उजळते. अशा नोटेची तार आणि वॉटरमार्क बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला खोटं ठरवणं अन्यायाचं आहे.

अन्याय अफवांमुळेही होतो. हिरवी पट्टी, म्हणजे तार, गांधीजींच्या चित्राजवळ आली की नोट खोटी, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि तो साफ चुकीचा आहे. क्रमांकात चांदणीचं चिन्ह असलेली नोटही खरीच असते. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी ती घातलेली असते, एवढंच. दहा रुपयांच्या नाण्याचंही तेच झालं. चौदाही प्रकारची नाणी चालतात असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, तरी आपल्याकडे काही दुकानदार अजून ती घेत नाहीत आणि बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला परत पाठवतात. रिझर्व्ह बँकेचं मणी हे ॲप २०२० पासून आहे, पण ते अंध व्यक्तींना नोट कितीची हे सांगण्यासाठी आहे. खरी-खोटी ते ठरवत नाही.

बँकेत पूर्वी शंभर नोटांच्या गड्डीला तारेची जाड पिन मारत. त्या भोकांनी वॉटरमार्कच्या जागेचीच चाळण व्हायची. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही पिन बंद केली, पुढे शंभर आणि त्यावरच्या नोटा मशीनमधून तपासूनच पुन्हा द्यायचा नियम आला. भरण्यात बनावट नोट निघाली तर बँक तिच्यावर शिक्का मारते आणि ती जप्त करते. परत देत नाही, फाडतही नाही. भरणा करणाऱ्याला पोच द्यावीच लागते, आणि ती मागून घ्यायला कुणी संकोच करू नये. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्र अहवाल देते, पाच किंवा जास्त असतील तर गुन्हा नोंदवला जातो. नकळत हाती आलेल्या नोटेसाठी कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण खोटी आहे हे कळल्यावर ती पुढे खपवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली येतं, आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. 'आपल्याला मिळाली तशी पुढे ढकलली' असं बाजारात सर्रास बोलतात. ते बोलणाऱ्यांना हे कलम बहुधा माहीत नसतं.

गल्ल्यावरच्या मुलाला दुकानाच्या मालकाने हे सगळं दाखवायला अर्धा तास पुरतो. एक करकरीत पाचशेची नोट, एक जुनी झिजलेली आणि खिडकीचा उजेड, एवढंच त्याला लागतं. पाचशेची नोट आली की ती गिऱ्हाइकासमोरच उजेडात धरायची, आणि शंका असेल तर सौजन्याने दुसरी मागायची, ही सवय मालकाने स्वतः लावली तर मुलाला संकोच वाटत नाही. मोठी रक्कम घेताना कुणाकडून आली ते गड्डीच्या कागदी पट्टीवर लिहून ठेवावं, नोटेवर लिहू नये. आणि इतकं करूनही एखादी नोट निसटली, तर ते दुकानाचं नुकसान धरावं. ती रक्कम त्या मुलाच्या पगारातून कापू नये.