पॅसिफिकच्या पोरींचं बास्केटबॉल: अंडर-१५, अंडर-१७ हे आकडे आले कुठून?

बास्केटबॉल फॉलो करणाऱ्यांना अंडर-१६, अंडर-१८ हे गट पाठ असतात. पॅसिफिक बेटांच्या मुलींच्या स्पर्धा बघायला गेलं की मात्र तिथं अंडर-१५ आणि अंडर-१७ लिहिलेलं दिसतं. मला आधी टायपिंग मिस्टेकच वाटली. मग कळलं की नाही, हे मुद्दाम आहे, आणि त्या एका वर्षाच्या फरकात बरीच जुनी भानगड लपलीये.

आधी आत्ताचं सांगते. २०१७ ला ग्वाममध्ये फिबाची (बास्केटबॉलची जागतिक संघटना) अंडर-१७ मुलींची ओशनिया (म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटं) स्पर्धा झाली, २०१९ ला न्यू कॅलेडोनियात नूमेआला, आणि मग मधली कोव्हिडची गॅप पडून २०२३ ला पापुआ न्यू गिनीत पोर्ट मोर्स्बीला. लहान गटाचा, म्हणजे अंडर-१५ चा ओशनिया कप २०१८ च्या डिसेंबरमध्ये पोर्ट मोर्स्बीलाच झाला होता. नकाशावर ही तीन गावं शोधून बघा, एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब, आणि तिन्ही ठिकाणी बास्केटबॉल पोचलं ते वेगवेगळ्या वाटेनं.

म्हणजे बघा, बास्केटबॉल डिसेंबर १८९१ ला अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये जेम्स नायस्मिथनं काढलं हे सगळ्यांना माहितीये. पुढच्याच वर्षी शेजारच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेनसन नावाच्या बाईनं ते मुलींना शिकवलं, पण नियम बदलून. कोर्टाचे तीन भाग पाडले, आपापल्या भागातच राहायचं, हातातून बॉल हिसकवायचा नाही, तीन सेकंदांच्या वर धरून ठेवायचा नाही. तेव्हा बायकांनी फार पळू नये असं डॉक्टरच सांगायचे! हाच खेळ इंग्लंडला गेला, तिथल्या मुलींच्या फिजिकल ट्रेनिंग कॉलेजात अजून बदलला, आणि १९०१ च्या सुमाराला त्याचे वेगळे नियम छापले गेले. तेच आपलं नेटबॉल.

गंमत अशी की ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये त्याला नेटबॉल म्हणतच नव्हते. तिथं त्याचं नाव ‘वूमेन्स बास्केटबॉल’. १९७० पर्यंत हेच नाव, आणि न्यूझीलंडमध्ये तर कितीतरी वर्षं सातऐवजी नऊ-नऊ जणींच्या टीम. मग खरं बास्केटबॉल, ड्रिबल करायचं ते, त्याला काय म्हणायचं? तर ‘इनडोअर बास्केटबॉल’. त्यामुळे जुन्या न्यूझीलंडच्या पेपरात मुलींचा बास्केटबॉलचा फोटो दिसला की लगेच हुरळून जायचं नाही, तो बहुतेक नेटबॉलचा असतो. मी स्वतः यात फसलेय.

आता हा नकाशा ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या राज्यावर ठेवून बघा. फिजी १८७४ ते १९७० इंग्रजांकडे, टोंगा १९७० पर्यंत त्यांच्याच संरक्षणाखाली, सामोआ १९१४ पासून १९६२ पर्यंत न्यूझीलंडकडे, कुक आयलंड्स १९०१ ते १९६५ न्यूझीलंडकडे, नाउरू १९६८ पर्यंत आणि पापुआ न्यू गिनी १९७५ पर्यंत ऑस्ट्रेलियाकडे. या सगळ्या ठिकाणी मिशनच्या आणि सरकारी शाळांतून पोरींच्या हातात जो बॉल आला तो नेटबॉलचा. आजही फिजी, सामोआ, टोंगात उंच, चपळ मुलगी दिसली की पहिली ओढाओढ नेटबॉलवाले करतात.

उलट ग्वाम १८९८ पासून अमेरिकेकडे, अमेरिकन सामोआ १९०० पासून. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, पलाऊ, मार्शल आयलंड्स आणि आत्ताचं फेडरेटेड स्टेट्स ऑफ मायक्रोनेशिया हा सगळा पट्टा अमेरिकेच्या ट्रस्टीशिपखाली. साठच्या दशकात तिथं पीस कोअरची, म्हणजे अमेरिकन सरकारनं पाठवलेली स्वयंसेवक पोरं शिकवायला आली. तिथं नेटबॉल कुणाला माहीतच नाही, शाळेचं जिम म्हणजे बास्केटबॉलचं जिम, मुलींसाठीसुद्धा. १९७२ ला अमेरिकेत टायटल नाईन कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेनं मुलींना खेळात डावलायचं नाही असा, तो ग्वामलाही लागू.

तिसरी वाट फ्रेंचांची. फ्रान्समध्ये बास्केटबॉल १८९३ लाच पोचलं होतं, पॅरिसच्या वायएमसीएच्या हॉलमध्ये युरोपातली पहिली मॅच झाली. नेटबॉल फ्रेंचांना कधी पटलंच नाही, त्यामुळे ताहिती आणि न्यू कॅलेडोनियातल्या पोरी सरळ बास्केटबॉल शिकल्या. त्यात नूमेआ हे महायुद्धात अमेरिकेच्या दक्षिण पॅसिफिक कमांडचं मुख्यालय, हजारो अमेरिकन सैनिक तिथं तळ ठोकून. म्हणजे अमेरिकन खेळाचा डोस दोन्हीकडून.

सगळं काही राज्यकर्त्यांवरच ठरतं असं नाही म्हणत मी, पण मुलींच्या बाबतीत बऱ्यापैकी ठरलं. मुलगे कसेही कुठंही खेळतात. मुलींचा खेळ शाळा ठरवते, आणि शाळा कुणाची होती ते वर सांगितलंच.

फरक किती पडतो ते जवळून बघा. मी शाळेत नेटबॉल खेळायचे (आमच्याकडे मुलांना बास्केटबॉल, मुलींना नेटबॉल, विचारायचं नाही का ते) आणि कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा बास्केटबॉल हातात घेतलं. नेटबॉलमध्ये बॉल झेलला की थांबायचं, एक पाय जमिनीला चिकटलेला, तीन सेकंदात पास. ड्रिबल नाहीच. समोरची मुलगी तीन फूट लांब उभी, हात वर करून, त्याहून जवळ आली तर तिचा फाऊल. आणि रिंगमागं बोर्ड नाही, त्यामुळे शॉट उंच, वरून सरळ जाळीत पडेल असा. रिंगची उंची दोन्ही खेळांत सारखीच, दहा फूट, ३.०५ मीटर. पण बास्केटबॉलमध्ये मी बॉल झेलून थांबले आणि समोरची अंगावरच आली, कोपर बरगडीत, मला कळेना करू काय, तोवर बॉल गेला पण. बोर्डाचा वापर करायला तर सहा महिने लागले. सामोआ किंवा फिजीची पंधरा वर्षांची मुलगी ग्वामच्या मुलीसमोर पहिल्यांदा उभी राहते तेव्हा तिचं काय होत असेल ते मी अगदी समजू शकते. तिचा पास आणि तिचे हात मात्र बघत राहावेत असे असतात, ते नेटबॉलचं देणं.

बेटाबेटांनी एकत्र खेळायची कल्पना तशी उशिराच आली. १९५९ ला पापुआ न्यू गिनीत रबाउलला साउथ पॅसिफिक कमिशनची बैठक होती, तिथं फिजीच्या डॉ. ए. एच. साहू खान यांनी मांडलं की आपल्या बेटांचे स्वतःचे खेळ भरवूया. नाव वाचून कळलंच असेल, फिजीतले भारतीय वंशाचे. १९६३ ला फिजीच्या राजधानीत, सुवाला, पहिले साउथ पॅसिफिक गेम्स झाले, तेरा देश-प्रदेश आले. याची मोठी गोष्ट म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तिथं दारच बंद होतं, २०१५ पर्यंत, आणि नंतरही मोजक्याच खेळांत घेतलं. म्हणजे बेटांना आपापसात बरोबरीनं लढायला एक जागा मिळाली. मायक्रोनेशियाचे वेगळे गेम्स १९६९ ला सायपानला झाले आणि पुढचे थेट १९९० ला! एकवीस वर्षं. पैसे आणि अंतर, दुसरं काय.

बास्केटबॉलची अधिकृत यंत्रणा मात्र उलट्या बाजूनं वाढली. फिबाचा ओशनिया विभाग साठच्या दशकाच्या शेवटी उभा राहिला तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जोरावर. पुढं वीसेक सदस्य झाले, पण वर्ल्ड चॅम्पियनशिप-ऑलिंपिकला कोण जाणार हा प्रश्न आला की मोठ्यांची ओशनिया स्पर्धा बहुतेक वेळा या दोघांची आपापसातली सिरीज असायची, दोन किंवा तीन मॅचेसची, झालं. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून बायकांची राष्ट्रीय लीग चालू आहे, त्यांची ओपल्स टीम २००६ ला वर्ल्ड चॅम्पियन झाली, तिथं नाउरूनं काय करायचं? नाउरूची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास, आपल्याकडं मोठं गाव असतं तेवढी. एका वयाच्या मुली मोजल्या तर शंभर-सव्वाशे भरतील, त्यातून टीम काढायची.

२०१० ला फिबानं अंडर-१७ वर्ल्ड चॅम्पियनशिप चालू केली, मुलींची पहिली फ्रान्समध्ये. तिथं कोण जाणार ते ठरवायला आदल्या वर्षी ओशनियात अंडर-१६ ची स्पर्धा. इथूनच वयाचं गणित लक्षात घ्या: यंदा सोळा तर पुढच्या वर्षी सतरा, म्हणजे एकच बॅच दोन पायऱ्या चढते. मोठ्या गटासाठी तसंच अंडर-१८, आणि त्या स्पर्धा २०१४ आणि २०१६ ला सुवाला झाल्या. यातून ऑस्ट्रेलियाला काय मिळालं ते २०१६ ला दिसलं, त्यांच्या मुलींनी अंडर-१७ वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, अमेरिकेला सेमीफायनलला घालवून. अमेरिकेशिवाय दुसऱ्या कुणी ती स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पण बेटांना काय मिळालं? ऑस्ट्रेलियाकडून मार खायचा आणि घरी जायचं, पुढचा दरवाजा एकच आणि तो त्यांच्या हातात.

मग २०१७ ला सगळं फिरलं. फिबानं ठरवलं की ओशनियानं आता आशियासोबत खेळायचं. आणि याची सुरुवात कुठं झाली, तर आपल्या बंगळुरूत! जुलै २०१७, कांतीरवा इनडोअर स्टेडियम, महिला आशिया कप, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड पहिल्यांदाच आशियात. फायनलला जपाननं ऑस्ट्रेलियाला ७४-७३ असं एका पॉइंटनं हरवलं. खालच्या डिव्हिजन बी मध्ये फिजी आली होती, आणि तीच डिव्हिजन आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ हरवून जिंकली, पुण्याची शिरीन लिमये त्या टीममध्ये होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंडर-१६ मुलींची आशियाई स्पर्धा पण बंगळुरूलाच, आणि २०१८ ला अंडर-१८ ची सुद्धा. म्हणजे पॅसिफिकच्या पोरींना जगाकडं जायचं तर रस्ता काही वर्षं कर्नाटकातून जात होता, आणि आपल्याकडं त्याची बातमी कुठंतरी कोपऱ्यात.

आता ते आकडे उलगडतात बघा. आशियाची स्पर्धा अंडर-१६ आणि अंडर-१८ ची. तिथं ओशनियातून कोण जाणार ते आदल्या वर्षी ठरवायचं, म्हणजे त्या मुली तेव्हा पंधरा आणि सतरा वर्षांच्या. झालं, अंडर-१५ आणि अंडर-१७. २००० साली जन्मलेली एखादी मुलगी घ्या: २०१७ ला सतराची, ग्वाममध्ये ओशनिया. २०१८ ला अठराची, बंगळुरूत आशिया. २०१९ ला एकोणीसची, बँकॉकला अंडर-१९ वर्ल्ड कप. तीन वर्षं, तीन देश, तीच बॅच.

बेटांच्या दृष्टीनं यातला मोठा फायदा असा की ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मागं तिसरा-चौथा नंबर यालाही किंमत आली, कारण आशियाचं दार फक्त पहिल्यासाठी नाही. त्यामुळे या स्पर्धेत मला फायनलपेक्षा ब्राँझची मॅच बघायला जास्त आवडते, खरी मारामारी तिथं असते. फायनलचा निकाल बऱ्याचदा पहिल्या क्वार्टरलाच कळतो.

प्रवासाचं मात्र कुणी काही करू शकलेलं नाही. मार्शल आयलंड्समधून ग्वामला जायचं तर ते प्रसिद्ध आयलंड हॉपर विमान, माजुरो, क्वाजालीन, कोसराए, पोनपेई, चुउक या बेटांवर एसटीसारखं थांबत थांबत जातं. सामोआ आणि अमेरिकन सामोआ यांच्यात अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पुणे-मुंबईहून कमी, पण २०११ च्या डिसेंबरमध्ये सामोआनं ३० तारीख कॅलेंडरमधून उडवून डेटलाइनच्या पलीकडं उडी मारली, तेव्हापासून दोघांत पूर्ण एक दिवसाचा फरक.

शिवाय पासपोर्टचा घोळ. कुक आयलंड्सचे लोक न्यूझीलंडचे नागरिक असतात, आणि बेटांवर राहतात त्याच्या कितीतरी पट जास्त न्यूझीलंडमध्येच. सामोआ-टोंगाचीही ऑकलंड-सिडनीत मोठी वस्ती. फिबाचा नियम असा की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट सोळाव्या वाढदिवसाआधी हातात असेल तर तुम्ही तिथल्या साध्या खेळाडू, उशीर झाला तर ‘नॅचरलाइज्ड’ म्हणून मोजतात आणि तशी एका टीममध्ये एकच चालते. त्यामुळे ऑकलंडमध्ये वाढलेल्या सामोअन मुलीला अंडर-१५ च्या आधी कुणीतरी आजीच्या गावची कागदपत्रं काढायची आठवण करून द्यावी लागते. ते काम बहुतेक वेळा कोच नाही, आईच करते.