पिट्यूटरीच्या ऑपरेशननंतर घोळणा फुटला तर ‘उष्णता असेल’ म्हणू नका

सांगली-मिरजेकडे घोळणा फुटला की कांदा फोडून हुंगवतात, टाळूवर गार पाणी थापतात. पिट्यूटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ नाकातून काढलेल्या माणसालाही घरचे हेच करतात, कारण एक समज घट्ट बसलाय: ऑपरेशनमध्ये धमनीला इजा झाली तरी रक्त एकदा थांबलं की धोका टळला. हे साफ चूक आहे.

पिट्यूटरीच्या दोन्ही बाजूंना, अगदी काही मिलिमीटरवर, मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी असते. तिला इजा क्वचितच होते, साधारण शंभरात एकापेक्षाही कमी जणांना. झालीच तर सर्जन पॅकिंग करतात, म्हणजे रक्त थांबवायला आत पट्टी ठासतात, स्नायूचा तुकडा ठेचून छिद्रावर दाबून धरतात आणि रुग्णाला अँजिओग्राफीला (धमन्यांचे फोटो काढणाऱ्या तपासणीला) नेतात. तीत काही दिसलं नाही, तरी जखमेच्या जागी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी फुगा धरू शकतो. त्याला धमनीची खरी भिंत नसते. तो फुटला की नाकातून रक्ताची धार लागते. म्हणून अँजिओग्राफी पुन्हा करायला सांगतात. ‘रिपोर्ट नॉर्मल होता, परत खर्च कशाला?’ हा प्रश्न मी समजू शकतो, तरीही ती टाळू नका. फुगा वेळेत सापडला तर बहुतेकदा स्टेंट घालून बंद करता येतो. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत.

रक्त आलंच तर रुग्णाला आडवं न करता बसवा, पुढे वाकवा, १०८ ला फोन करा. डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या आणि न्यूरोसर्जन व कॅथलॅब (अँजिओग्राफी आणि स्टेंट जिथे करतात ती खोली) असलेलं हॉस्पिटल गाठा.