‘स्वदेस’ : प्रश्न पाण्याचा, उत्तर विजेचं

17 डिसेंबर 2004 रोजी ‘स्वदेस’ प्रदर्शित झाला तेव्हा तिकीटबारीवर त्याची फारशी डाळ शिजली नाही. कौतुक आलं ते नंतर, आणि ते अजून ओसरलेलं नाही. छायाचित्रणासाठी महेश अणे यांना आणि ‘ये तारा वो तारा’साठी उदित नारायण यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते रास्तच होतं. पण हा चित्रपट जिथं उभा राहिला त्या सातारा जिल्ह्यातून पाहिलं, की त्यातली एक मोठी फट नजरेतून सुटत नाही.

पडद्यावरचं चरणपूर उत्तर प्रदेशातलं. प्रत्यक्षात त्याचा बराच भाग म्हणजे वाईजवळची मेणवली : नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा काळ्या दगडाचा घाट. वाईला परप्रांत होण्याची सवय आहेच, ‘गंगाजल’मध्ये ती बिहार झाली होती. संवाद लखनौच्या के. पी. सक्सेनांचे, म्हणून कानाला उत्तर भारत पटतो. डोळ्याला मात्र सागवानी खांब आणि चौक दिसले की पेशवाई लपत नाही. इथवर तक्रार नाही, चित्रपट असाच बनतो. पण घाटाला लागलेलं ते पाणी वरच्या धोम धरणाच्या हिशेबाने वाहतं. कृष्णाकाठी पाणी कुणाला किती आणि कधी, हा गावागावातल्या भांडणाचा विषय आहे.

चित्रपटाचा कणा असलेला प्रसंगही पाण्याचाच आहे. थकलेला खंड वसूल करायला अमेरिकेतून आलेला नायक मोहन हरिदास या कुळाकडे जातो. हरिदास मूळचा विणकर. माग चालेना म्हणून तो शेतीकडे वळला, तर जातीचा धंदा सोडला म्हणून गावाने त्याला वाळीत टाकलं आणि पिकाचं पाणीही नाकारलं. परतताना स्टेशनवर एक पोरगा पंचवीस पैशांना पाणी विकतो आणि तोवर बाटलीबंद पाणी पिणारा मोहन ते पितो. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकरांनी याहून चांगलं काही चित्रित केलेलं नाही. पण पुढे हरिदास कथेतून गळतो तो गळतोच. मोहन गावात येऊन डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यावर वीज तयार करतो, म्हातारीच्या घरात दिवा लागतो, ती “बिजली” म्हणते आणि आपले डोळे भरतात. हरिदासच्या शेताला पाणी कोण देणार, हे कुणी विचारत नाही.

विजेच्या भागाची प्रेरणा म्हणून रवी कुचीमंची आणि अरविंदा पिल्लळमारी या अमेरिकेतून परतलेल्या दांपत्याच्या कामाचं, त्यातही नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावच्या 15 किलोवॅटच्या प्रकल्पाचं नाव घेतलं जातं. 2003 मध्ये गावकऱ्यांच्या श्रमदानातून तो उभा राहिला. या कामाचं गणित सोपं आहे : सेकंदाला किती लिटर पाणी, गुणिले किती मीटर उतार, गुणिले 9.81, आणि येईल त्याच्या साधारण निम्मे वॅट हातात पडतात. डोंगरातल्या झऱ्याने सेकंदाला 5 लिटर दिले आणि उतार 30 मीटर असला, तर सव्वासातशे वॅट. म्हणजे साठचे बारा बल्ब. त्याच उतारावर 15 किलोवॅट काढायचे तर सेकंदाला शंभर लिटर लागतात, आणि तेवढं पाणी नदी देते, झरा नाही. सह्याद्रीतले बरेच झरे तर होळीनंतर बारीक होतात.

बांधल्यावरच्या कटकटी वेगळ्याच. पाइपाच्या तोंडाला जाळी नसेल तर पालापाचोळा आत जाऊन टर्बाइनची पाती अडतात. जाळी असली, तर ती पावसाळ्यात रोज साफ करावी लागते. गाळ बसायला आधी टाकी हवी, नाहीतर वाळू पाती खाते. टाकीतली पातळी उतरली की पाइपात हवा शिरते आणि दिवे फडफडतात. रात्री दहाला सगळ्यांनी दिवे मालवले की जनरेटर सुसाट सुटतो, व्होल्टेज चढतं आणि जे दिवे चालू राहिले तेच उडतात. म्हणून जास्तीची वीज जिरवायला पाण्यात बुडवलेला हीटर आणि त्याचं नियंत्रण करणारा डबा बसवतात. तो डबा बिघडला तर दुरुस्त कोण करणार आणि महिन्याची वर्गणी कोण गोळा करणार? तीन तासांहून लांब चित्रपटात यासाठी पाच मिनिटं निघायला हवी होती. नायक अमेरिकेला जातो, तेव्हा तर हा प्रश्न आयताच समोर आला होता.

हरिदासच्या प्रश्नाचं उत्तर शोधायलाही लांब जायला नको होतं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरणाचं काम उभं केलं. ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते आणि विहिरी आटत होत्या. मुक्ती संघर्ष चळवळीने ठेकेदारांना अडवलं, वाळूवर गावाचा हक्क सांगितला, त्यातली थोडी वाळू विकून धरणासाठी पैसा उभा केला. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते मदतीला होते, भारत पाटणकर नेतृत्वात. अट अशी, की पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर ठरणार नाही, प्रत्येक कुटुंबाला सारखा मिळेल, भूमिहीनालाही. ज्याला रान नाही त्याने वाट्याचं पाणी दुसऱ्याच्या रानात घालून पीक वाटून घ्यायचं. हरिदासला हवं होतं ते नेमकं हेच.

बिलगावचा प्रकल्प 2006 च्या पुरात गेला. सरदार सरोवराचं चढलेलं पाणी तिथवर पोचलं होतं.