सोळा वर्षांचं नामांतर

औरंगाबादच्या विद्यापीठाच्या गेटवर दरवर्षी १४ जानेवारीला, म्हणजे त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं त्या दिवशी, पाय ठेवायला जागा नसते. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, नांदेड-परभणीहून आलेली कुटुंबं आणि कमानीच्या पायरीला हात लावून कपाळाला लावणारी म्हातारी माणसं. विद्यापीठाच्या दारात लोक फॉर्म भरायला जातात, पाया पडायला नाही. इथं ते का घडतं, हे कळायचं तर मागं जावं लागतं, आणि नामांतराचा ठराव झाला त्या १९७८च्याही बरंच मागं.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणाची वाट हैदराबादला, उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जायची. अशा मुलखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं, आणि त्याचा परिसर नागसेनवन. खेड्यातून आलेली दलितांची पहिली पिढी इथल्या वसतिगृहांत राहून शिकली. ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवणारे गंगाधर पानतावणे इथंच प्राध्यापक होते. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं, तेही नागसेनवनाच्या शेजारीच. त्यामुळे बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला द्या, ही मागणी काही आभाळातून पडली नव्हती.

पण ‘मराठवाडा’ या नावालाही स्वतःचं दुखणं होतं. निजामाशी लढून मिळालेली ओळख, त्यानंतर मुंबई-पुण्याकडून झालेली उपेक्षा, आणि १९७४ मध्ये विद्यार्थ्यांनी पेटवलेलं मराठवाडा विकास आंदोलन. गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले लोक नामांतराच्या विरोधात उभे राहिले ते प्रदेशाचं नाव जाऊ नये म्हणून. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण त्यांच्या शहरी, सभ्य विरोधाच्या आडोशानं गावागावांत जे झालं, त्याचा प्रदेशाच्या अस्मितेशी फारसा संबंध नव्हता, असं माझं मत आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. ठराव होताच मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं बेघर झाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. वस्त्यांवर चालून गेलेल्या कितीतरी जणांनी विद्यापीठ कधी पाहिलंही नसेल. राग वेगळाच होता. येसकरकी, म्हणजे गावची वंशपरंपरेनं आलेली राखणीची कामं, नाकारणारी, मेलेली ढोरं ओढायला नकार देणारी, गायरान कसू पाहणारी, शिष्यवृत्ती घेऊन शिकणारी माणसं गावाच्या डोळ्यांत सलत होती. विद्यापीठाचं नाव हे निमित्त मिळालं.

ठराव कागदावरच राहिला. नोव्हेंबर १९७९ मध्ये आंबेडकरी चळवळीतले नेते जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी तो अडवला. बाबा आढावांसारखे समाजवादी नामांतराच्या बाजूनं सत्याग्रहात उतरले. सरकारं येत गेली, जात गेली. शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण हे दोघे तर मराठवाड्याचेच मुख्यमंत्री, पण ऐंशीच्या दशकात त्यांच्याही काळात फाईल हलली नाही. मतांचं गणित सगळ्यांनाच कळत होतं : पाठिंबा देणारे आपलेच आहेत, विरोध करणारे मात्र उद्या निघून जातील. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. तेव्हा मुख्यमंत्रिपदी पुन्हा शरद पवारच होते.

१४ जानेवारी १९९४ रोजी, संक्रांतीच्या दिवशी निर्णय जाहीर झाला : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुनं नाव पुसलं नाही, त्याच्या आधी नवं जोडलं. म्हणून सरकारी भाषेत हा नामविस्तार. लोक आजही नामांतर म्हणतात, आणि पोरं इंग्रजी आद्याक्षरांवरून नुसतं ‘बामू’. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं वेगळं विद्यापीठ सुरू झालं. बाबासाहेबांचं नाव एका विद्यापीठाला आणि मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचं दुसऱ्याला, असे दोन्ही हिशेब चुकते झाले; मूळ विद्यापीठाचं कार्यक्षेत्र मात्र आक्रसलं. अशी वाटणी करण्यात आपलं राजकारण पटाईत आहे.

१९९४चा तोडगा पुढे राज्यभर वापरला गेला. २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. आधी व्यक्तीचं नाव, मग प्रदेशाचं किंवा शहराचं. यातल्या एकाही वेळी वस्त्या जळल्या नाहीत. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा मात्र हा तोडगा कुणाला आठवला नाही. जुनं नाव पाटीवरून सरळ काढलं गेलं. विद्यापीठाच्या नावातला ‘मराठवाडा’ तेवढा तसाच आहे.