सगळे ज्यू ससून नव्हेत: बेने इस्रायल आणि बगदादी ज्यूंमधला फरक

पुण्यात कॅम्पातून जाताना लाल देवळाकडे बोट दाखवून कुणीतरी हमखास सांगतं की हे ससूननी बांधलं, महाराष्ट्रातले ज्यू मूळचे बगदादचे, आणि ऐकणारे माना डोलावतात. मला तिथे गप्प बसवत नाही. लाल देऊळ ससूनचंच आहे, १८६७ ला पूर्ण झालं, आवारात डेव्हिड ससूनची, बगदादहून मुंबईत आलेल्या त्या ज्यू व्यापाऱ्याची, कबर आहे, हे सगळं खरं. पण त्याच पुण्यात रास्ता पेठेत दुसरं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, सुक्कथ शेलोमो, आणि ते ज्यांचं आहे त्यांचा बगदादशी संबंध नाही. त्यांची आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी आणि घरातली भाषा मराठी. हे बेने इस्रायल. बगदादी वेगळे. धर्म एक, आणि दोन्ही मिळून समाज एवढासा की जनगणनेत एका ओळीत मावतो, तरी हे दोन वेगळे लोक आहेत. (कोचीनचे ज्यू तिसरे, त्यांची भाषा मल्याळम, ते इथे नकोत नाहीतर गोंधळ वाढेल.)

मी अलिबागची, त्यामुळे आधी घरचं सांगते. बेने इस्रायल समाजात पिढ्यानपिढ्या सांगतात की त्यांचे पूर्वज गलबतातून येत होते, नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. नवगाव म्हणजे आमच्या अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या जवळ, तिथे आज स्मारक आहे. ते कधी आले ह्यावर एकमत नाही, समाजाची परंपरा दोन हजार वर्षं मागे जाते, इतिहासकार वेगवेगळे काळ सांगतात. पण आल्यावर काय केलं ते स्पष्ट आहे, कोकणातल्या गावागावात पसरले, घाणे घातले, तेल गाळायला लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली, आणि जे दुसरे तेली सोमवारी घाणा बंद ठेवायचे ते सोमवार तेली. मला हे नाव फार आवडतं कारण त्यात काहीच लपवलेलं नाही, ह्यांचा सुट्टीचा वार वेगळा आहे एवढंच गावाला दिसलं आणि तेवढंच गावाने नोंदवलं.

आडनावं तर गावांचीच. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, किहीमचे केहीमकर. पहिली नावंसुद्धा मराठी तोंडात बसवलेली, सॅम्युअलचा सामाजी, आयझॅकचा इसाजी, बेंजामिनचा बन्नाजी, इझिकेलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, मांडवीला, ते बांधलं सामाजी हसाजी दिवेकरांनी, कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि नवस फेडला असं सांगतात. त्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट नाव त्यांच्यावरूनच. ससून मुंबईत आला १८३२ ला, म्हणजे दिवेकरांचं सिनेगॉग तेव्हा छत्तीस वर्षांचं झालं होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी लाल देवळापाशी होणारी चूक होणार नाही.

सणांची नावं बघा, ह्यात फरक सगळ्यात पटकन कळतो. खिरीचा सण, नव्याचा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा. होळीचा सण म्हणजे त्यांचा पुरीम, तो होळीच्या सुमारास येतो म्हणून ते नाव पडलं. पासओव्हर ह्या ज्यू सणाला वाचायचं हगादा हे पुस्तक मराठीत १८४६ ला मुंबईत छापलं गेलं आणि १८७४ ला पुण्यात परत छापलं, पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात बायका लुगडं नेसून सणाची भाकर करतायत. बगदादच्या घरात हे चित्र कुठून येणार.

आणि मलिदा. आमच्या शेजारी एक बेने इस्रायल काकू होत्या, त्यांच्याकडे काही शुभ घडलं, लग्न ठरलं, कुणी आजारातून उठलं, की मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, त्यात साखर, ओल्या नारळाचा चव, वेलची, मोठ्या ताटात डोंगरासारखा ढीग आणि वर कडेने फळं लावलेली. मग एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषिताचं नाव घेऊन हिब्रूत प्रार्थना आणि लगेच मराठीत "घ्या, घ्या, उभं राहून काय खाताय". मी लहानपणी तो आमच्याच देवाचा प्रसाद समजून खायचे आणि मोठेपणी कळलं की हा विधी बेने इस्रायलांचा स्वतःचा आहे, बगदाद्यांकडे असा मलिदा नसतो.

आता बगदादी. नाव फसवं आहे कारण त्यात फक्त बगदादचे नव्हते, बसरा, अलेप्पो, इराण, येमेन इकडचेही होते, इथे सगळ्यांना मिळून बगदादी म्हटलं गेलं. बगदादमधे ओटोमन गव्हर्नर दाऊद पाशाच्या काळात ज्यूंचा छळ वाढला, डेव्हिड ससून तिथून निसटून इराणच्या बुशहर बंदरात आणि मग मुंबईत. कापूस आणि चीनला जाणारी अफू ह्यावर घराण्याने प्रचंड पैसा केला, मग त्यांच्या पेढ्यांत आणि गिरण्यांत काम करायला तिकडून आणखी ज्यू आले, सगळे श्रीमंत अजिबात नव्हते, भायखळा नागपाड्यात साध्या खोल्यांत राहणारे कितीतरी होते. घरात अरबी, तीही हिब्रू अक्षरांत लिहिलेली, आणि एक-दोन पिढ्यांत इंग्रजी. भायखळ्याचं मागेन डेव्हिड, फोर्टातलं निळं केनेसेथ एलियाहू (१८८४), ससून डॉक, ससून हॉस्पिटल, काळा घोड्याची लायब्ररी, हे सगळं त्यांचं, दगडात उभं आहे म्हणून डोळ्यात भरतं. बेने इस्रायलांचं पुष्कळसं काम पलटणीत, रेल्वेत, पोस्टात, शाळांत, दवाखान्यांत झालं, त्याला पाटी लागत नाही. १९४० च्या दशकात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते आणि बगदादी सगळ्या भारतात मिळून काही हजार, तरी नाव कुणाचं घेतलं जातं ते बघा.

सिनेमावाल्यांच्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर डेव्हिड, ते टक्कल असलेले हसरे चरित्र अभिनेते, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे बेने इस्रायल, आणि नादिरा बगदादी, जन्मच बगदादचा. कवी निसिम इझिकेल बेने इस्रायल.

दोघं एकत्र का मिसळले नाहीत हे मात्र दुखरं आहे. सुरुवातीला बगदादी बेने इस्रायलांच्या सिनेगॉगमधे प्रार्थना करायचे, त्यांच्याच दफनभूमीत पुरायचे. पण लवकरच बगदाद्यांच्या शंका सुरू झाल्या, ह्यांचे घटस्फोट धर्माच्या नियमाप्रमाणे झालेत का, ह्यांच्यात बाहेरच्या बायका आल्यात का, मग प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत ह्यांना मोजायचं की नाही. १८३६ मधे दफनभूमीत मधे भिंत घाला अशी मागणी सरकारकडे गेली. मेलेल्या माणसांमधे भिंत. धर्माचं कारण पुढे केलं तरी त्यामागे रंग होता असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हेच बगदादी पुढारी इंग्रजांकडे आम्हाला युरोपियन धरा म्हणून खटपट करत होते, आणि काळसर, लुगडं नेसणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या धर्मबंधूंमुळे त्यांची ती खटपट अडत होती.

पण एकट्या बगदाद्यांना दोष देऊन चालणार नाही, खुद्द बेने इस्रायलांत गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. बाप बेने इस्रायल आणि आई स्थानिक, अशांच्या वंशजांना काळे म्हणायचे, लग्न टाळायचे, सिनेगॉगमधेही मागे ठेवायचे. जातीची हवा सगळ्यांना लागते, कोकणात राहून ह्यांना लागली नसती तरच नवल. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे, २०१६ ला बेने इस्रायलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसे भरपूर निघाले, मिसळण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची, आणि बहुतेक पुरुष मध्यपूर्वेकडचे, बायका इथल्या. म्हणजे ज्या इथल्या आईवरून एकाला काळा ठरवलं तशीच आई बहुतेक सगळ्यांच्याच वंशात होती. आणि ज्यू वारसा नाही म्हणणारेही त्याच अभ्यासात खोटे पडले.

ही शंका इस्रायलमधेही पाठ सोडेना. १९५० नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने तिकडे गेले, बगदादी जास्त करून इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडे. १९६२ मधे तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फतवा काढला की बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांची मागची पिढ्यान् पिढ्यांची चौकशी करा. फक्त ह्यांचीच. लोक जेरुसलेमला रस्त्यावर बसले, धरणं धरलं, शेवटी १९६४ च्या ऑगस्टमधे संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि धर्मगुरूंना माघार घ्यावी लागली. तेल गाळत शनिवार पाळणाऱ्यांना हे सिद्ध करायला लागावं ह्याचा मला आजही राग येतो.

आपल्याकडे सरकारी कागदात ही दोन्ही माणसं एकाच शब्दात येतात. २०११ ला सगळ्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात, २०१६ ला राज्याने अल्पसंख्याक दर्जा दिला तोही ज्यू म्हणून. दर्जासाठी ते ठीकच आहे. पण आज महाराष्ट्रात उरलेल्यांत जवळजवळ सगळे बेने इस्रायल आहेत, आणि ओळख मात्र ससूनची चिकटवली जाते. अलिबागच्या इस्राएल आळीत या, तिथलं सिनेगॉग बघा, दफनभूमीतले दगड बघा, हिब्रूखाली मराठी कोरलेलं असतं, नाव, गाव, सगळं.

आमच्या काकू मुलाकडे इस्रायलमधल्या अश्दोदला गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. जूनमधे फोन येतो, आणि नमस्कार नाही की काही नाही, पहिलं वाक्य ठरलेलं, "काय गं, लागला का पाऊस अलिबागला?"