‘चिक लिट’ हे नाव आले कोठून?

मन रमेल अशी एखादी कादंबरी सुचवा, असे कोणी म्हटले, की ‘चिक लिट’मधले, म्हणजे आजच्या तरुण स्त्रीचे आयुष्य खेळकर सुरात सांगणाऱ्या कादंबऱ्यांमधले, पुस्तक सुचवणारी व्यक्ती बहुधा ‘तशी हलकीफुलकीच आहे’ अशी पुस्ती जोडते. रहस्यकथा सुचवताना ही पुस्ती क्वचितच ऐकू येते. हा संकोच त्या पुस्तकांच्या गुणदोषांतून आलेला नाही. तो या नावापेक्षा कितीतरी जुना आहे.

‘चिक’ हा अमेरिकी बोलीत तरुण स्त्रीसाठी वापरला जाणारा, सलगीचा पण हिणवणारा शब्द, आणि ‘लिट’ हे ‘लिटरेचर’चे लघुरूप. १९९५ मध्ये क्रिस मॅझा आणि जेफ्री डिशेल यांनी स्त्रियांच्या प्रयोगशील कथांचा एक संग्रह संपादित केला आणि त्याच्या शीर्षकात हे दोन शब्द एकत्र ठेवले. स्त्रियांच्या लेखनाकडे पाहण्याची जी तुच्छतेची दृष्टी होती, तिच्यावरच बोट ठेवण्यासाठी हे नाव उपरोधाने योजले होते. पुढे ते बाजारपेठेने उचलले, त्यातला उपरोध गळून पडला आणि ज्या लेखनाशी त्या संग्रहाचा काहीच संबंध नव्हता त्याला ते चिकटले. या विपर्यासाबद्दल मॅझा यांनी नंतर स्वतंत्र लेखही लिहिला.

ते ज्या लेखनाला चिकटले त्याची सुरुवातही त्याच वर्षी, लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ या वृत्तपत्रातल्या एका सदरातून झाली. हेलन फील्डिंग यांनी तिशीतल्या, नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या ब्रिजेट जोन्सची रोजनिशी लिहायला घेतली आणि १९९६ मध्ये तिची कादंबरी झाली. प्रत्येक नोंदीच्या आरंभी वजन, मद्याचे प्रमाण आणि सिगारेटींची संख्या. मग निश्चय, आणि पुढच्या नोंदीत तो मोडल्याची कबुली. निश्चय आणि वर्तन यांच्यातले हे अंतर नायिका स्वतःच, काहीही न लपवता सांगते, हे या लेखनाचे खरे बळ होय. कथानकाचा सांगाडा आपण जेन ऑस्टिन यांच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’वरून घेतल्याचे फील्डिंग यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे, आणि नायकाचे आडनावही ऑस्टिन यांच्या नायकाचेच, डार्सी, ठेवून त्यांनी ते वाचकांपासून दडवलेही नाही.

अर्थात एकट्या फील्डिंग यांना या प्रकाराच्या जनक ठरवणे अन्यायाचे होईल. १९९२ मध्ये टेरी मॅकमिलन यांनी ‘वेटिंग टू एक्सहेल’मध्ये चार कृष्णवर्णीय मैत्रिणींची कथा सांगितली होती, आणि तिला मिळालेल्या प्रचंड वाचकवर्गाचा उल्लेख या प्रकाराच्या इतिहासात अनेकदा राहून जातो. डब्लिनच्या पार्श्वभूमीवरची मॅरियन कीज यांची ‘वॉटरमेलन’ १९९५ चीच. पहिल्या बाळंतपणाच्या दिवशीच नवरा सोडून गेलेली नायिका माहेरी परतते, येथून ती सुरू होते.

२००१ मध्ये हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेने ‘रेड ड्रेस इंक’ ही स्वतंत्र शाखाच या प्रकारासाठी काढली. गुलाबी मुखपृष्ठ, उंच टाचांची पादत्राणे आणि वळणदार अक्षरे ही त्याची ओळख बनली. खप वाढला, परंतु व्यसन, शोक, घटस्फोट अशा विषयांवरची पुस्तकेही त्याच वेष्टनात बांधली गेल्याने आत काय आहे हे मुखपृष्ठावरून कळेनासे झाले. माझ्या मते या प्रकाराचे सर्वाधिक नुकसान टीकाकारांपेक्षा या एकसाची मुखपृष्ठांनी केले. टीकाकारही होतेच. २००१ मध्येच ब्रिटिश कादंबरीकार बेरिल बेनब्रिज यांनी या कादंबऱ्यांना फेसाची उपमा दिली, आणि डोरिस लेसिंग यांनीही त्यांच्या सुरात सूर मिसळला. २००६ मध्ये तर ‘हे चिक लिट नव्हे’ आणि ‘हेच चिक लिट’ अशा अर्थाच्या शीर्षकांचे दोन कथासंग्रह एकमेकांसमोर उभे राहिले.

हा वाद मात्र नवा नव्हता. १८५५ मध्ये अमेरिकी कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी आपल्या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात लोकप्रिय लेखिकांची ‘खरडणाऱ्या बायकांचा झुंड’ अशी संभावना केली होती. पुढच्याच वर्षी पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका जॉर्ज एलियट यांनी लेखिकांच्या उथळ कादंबऱ्यांवर कठोर निबंध लिहिला. पण त्यांची तक्रार कारागिरीबद्दल होती आणि कादंबरीत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहू शकतात, हे त्यांनी त्याच निबंधात ठामपणे नोंदवले. हा फरक महत्त्वाचा आहे. युद्धावरचे पुस्तक महत्त्वाचे आणि दिवाणखान्यातल्या स्त्रीच्या भावनांवरचे क्षुल्लक, असे समीक्षक गृहीत धरतात, हे व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले. १९९१ च्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीतल्या सहा पुस्तकांत लेखिकेचे एकही नव्हते; त्या अस्वस्थतेतून लेखिकांसाठी स्वतंत्र पारितोषिक उभे राहिले आणि ते प्रथम १९९६ मध्ये, म्हणजे ब्रिजेटची कादंबरी आली त्याच वर्षी, दिले गेले.

पुढे प्रकाशकांनीच हे लेबल हळूहळू टाळायला सुरुवात केली आणि ‘विमेन्स फिक्शन’ हे अधिक व्यापक नाव रूढ झाले. प्रेमकथेत प्रेमाची परिणती केंद्रस्थानी असते आणि शेवट सुखाचा अपेक्षित असतो. विमेन्स फिक्शनमध्ये मात्र नायिकेत होणारा बदल केंद्रस्थानी असतो आणि प्रेम त्याचा एक भाग असते किंवा नसतेही. ब्रिजेटच्या कबुलीचा तो सूर इंग्रजीपुरताही उरला नाही. २००५ मध्ये बैरूतहून अरबीत प्रसिद्ध झालेल्या रजा अल-सानिया यांच्या कादंबरीत रियाधमधल्या चार मैत्रिणींची कथा दर आठवड्याच्या ईमेलमधून उलगडते.

म्हणूनच पुस्तक सुचवताना लेबलापेक्षा वाचकाला काय हवे आहे हे विचारणे अधिक उपयोगी पडते. निखळ हसायचे असेल तर फील्डिंग यांची रोजनिशी आजही पहिली निवड ठरावी. हसता हसता दुःखालाही सामोरे जायची तयारी असेल, तर कीज यांची ‘रेचल्स हॉलिडे’ हाती द्यावी: तिची नायिका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होते, आपल्याला काही झालेलेच नाही असे स्वतःला पटवत राहते, आणि तिच्या विनोदात रमलेल्या वाचकालाही ते बराच काळ खरे वाटत राहते.